एका अँटेनावर दोन रेडिओ

"एकानं काय कमी वाटोळं केलं म्हणून आता दुसरा आणलाय."

मी टेबलाखाली पालथी पडून अर्थिंगची वायर आवळत होते. आक्का दारात उभ्या होत्या. बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. भिंतीला असेल, नाहीतर माझ्या पाठीला.

"विकत नाही आणलेला, आक्का," मी खालूनच म्हणाले. "पुण्याच्या एका डॉक्टरांचा रेडिओ आहे. दुरुस्तीला आलाय माझ्याकडं. आज इथं लावून बघायचा आणि उद्या परत."

"व्हय? मग ऱ्हाऊ दे. च्या ठेवलाय. त्यांचाबी."

'त्यांचाबी' म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, अण्णांचा. अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसले होते. दोन्ही कप आक्कांनी माझ्या बाजूला ठेवले होते, एक मी पुढे द्यायचा हे गृहीत धरून. मी दिला.

अण्णांनी घोट घेतला. "साखर कमी पडली म्हणावं."

"साखर कमी आहे म्हणतात, आक्का."

"डॉक्टरनं सांगितलंय म्हणावं."

"ऐकलं म्हणावं," अण्णा म्हणाले.

सकाळपासून माझं हेच चाललं होतं. एका अँटेनावर दोन रेडिओ चालवायचे म्हणून मध्ये जोडायला मी एक पेटी करून आणली होती. त्या घरात दुसरी पेटी मीच होते.

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा माझे केस काळे होते आणि इचलकरंजीत यंत्रमागांचे स्टार्टर आणि पॅनेल दुरुस्त करणारी बाई बघायला गिऱ्हाईक मुद्दाम दोन मिनिटं जास्त थांबायचं. रेडिओची, म्हणजे घरच्या स्टेशनवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायची, हौस मला त्यातूनच लागली. कुणी शिकवलं नाही. मोडलेलं उघडत गेले, पुढे सरकारी परीक्षा देऊन परवानाही काढला. मगदूम अण्णा साखर कारखान्यातून इलेक्ट्रिक फोरमन म्हणून निवृत्त झालेले. शिरोळ तालुक्यात चारी बाजूंनी ऊस, मध्ये त्यांचं घर, गच्चीवर रेडिओची खोली, आणि गोठ्याशेजारी टॉवर. त्या टॉवरवरची अँटेना आमच्या भागातल्या हौशी लोकांत प्रसिद्ध होती. आधी चांगल्या कारणाने, नंतर वाईट.

धन्यकुमार, म्हणजे धनू, हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या चार वर्षं आधी, अशाच सप्टेंबरअखेरच्या टेलिटाइपच्या स्पर्धेत, पावसाने वरच्या जोडात पाणी शिरलं म्हणून तो टॉवरवर चढला. आमच्यात एक रीत आहे. अँटेना फिरवणाऱ्या मोटरला आम्ही रोटर म्हणतो. वर चढणाऱ्याने रोटरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा आणि मगच शिडीला हात लावायचा. खालचा माणूस रेडिओ ऐकत असतो, आणि ऐकणाऱ्याच्या हाताचा भरवसा नसतो. बारीक सिग्नल आला की हात रोटरवर जातो आणि अँटेना तिकडे वळते. डोक्याला विचारून ते होत नाही. त्या दिवशी फ्यूज जागेवरच राहिला. पट्टी गुंडाळून लगेच खाली यायचं, एवढंच काम, म्हणून असेल. अँटेनाचा लांब दांडा फिरला आणि धनू गोठ्यापुढच्या फरशीवर आला.

रोटर अण्णांनी फिरवला हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं, कारण त्यांनीच ते सांगितलं होतं. पंचनाम्याच्या वेळी, सगळ्यांसमोर. त्यानंतर त्या घरात 'रोटर' हा शब्द कुणी काढला नाही. आणि आक्का त्यांच्याशी बोलायच्या थांबल्या. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, औषधाच्या गोळ्या वाटीत. शब्द मात्र नाही.

म्हणून अण्णांनी महिन्यापूर्वी फोन करून, "कुमुदबाई, अरुंद फिल्टरचा रेडिओ कुठं मिळाला तर घेऊन या. जुन्याशेजारी लावून बघायचाय. स्पर्धेच्या दिवशीच," असं सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा परत खोलीत बसणार. त्या वर्षी स्पर्धेचा दिवस आणि क्षमावली एकाच दिवशी आली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

क्षमावली म्हणजे जैन लोकांचा पर्युषणानंतरचा दिवस. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायचं, मग घरोघर. भेटेल त्याला हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा. काय चुकलं ते सांगावं लागत नाही. मी आले तेव्हा अंगणात शेजारपाजारची ये-जा चालू होती. अण्णा दारात उभे राहून सगळ्यांना हात जोडत होते, मलाही जोडले. आक्का सगळ्यांना जोडत होत्या आणि अण्णांपाशी आल्या की पदर सारखा करत बाजूने जात होत्या. त्रिशला, धनूची बायको, स्वयंपाकघराच्या चौकटीत होती. तिने आक्कांपुढे हात जोडले तेव्हा आक्कांनी ते हात दोन्ही तळव्यांत धरले. "तू गं कशाची क्षमा मागतीस, लेकी."

त्रिशला आणि अण्णा मात्र एकमेकांना काहीच म्हणाले नाहीत. मी मनात म्हटलं, हिनेही माफ केलेलं नाही.

एके काळी ह्या खोलीतली खरी राणी त्रिशलाच. धनूने तिला शिकवलं आणि मग तीच त्याच्या पुढे गेली. टेलिटाइपमध्ये बोलायचं नसतं. की-बोर्डवर टाइप केलेलं दोन सुरांची टिरटिर होऊन आकाशात जातं आणि पलीकडच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं होऊन उमटतं. स्पर्धेत एकमेकांचा नंबर घ्यायचा, आपला द्यायचा, की पुढचा. मी तिला एकदा बसलेली बघितली होती. एका हाताने बटणं, एका हाताने की-बोर्ड, आणि चेहरा असा की दूध उतू जाण्याची वाट बघतेय. धनू गेल्यापासून ती गच्चीचा जिना चढली नव्हती. माहेरचे न्यायला आले होते, गेली नाही. रोज संध्याकाळी आक्का तिची वेणी घालत.

"सुरू करूया की," अण्णा म्हणाले.

"अँटेना कुठं तोंड करून आहे?"

"युरोपकडं. तशीच आहे."

टेबलावरून रोटर फिरवायच्या खोक्यावरचं बटण उपटलेलं होतं. लोखंडी दांडी तेवढी उरली होती. मी ती बघतेय हे अण्णांनी बघितलं.

"त्याला हात नाही लावायचा. जे काय काढायचं ते फिल्टरनं."

डावीकडे जुना रेडिओ, उजवीकडे डॉक्टरांचा. दोघांपुढे एकेक पडदा. बोलायचं जुन्यानेच, ऐकायचं दोघांनी. की-बोर्डवर मीच बसले; अण्णा जुन्या तारखात्यातल्या पद्धतीचे, ठिपके आणि रेघा कानाने टिपणारे. टेलिटाइप त्यांना कधी जमलं नाही, आणि जमत नाही हे सांगायलाही त्यांना आवडायचं नाही.

फरक समजायला फार वेळ लागला नाही. बँड स्टेशनांनी भरलेला होता. बाजूला एखादं जोराचं स्टेशन येऊन बसलं की जुन्या रेडिओची सुई उडायची आणि तो घाबरून स्वतःचा आवाज खाली घ्यायचा. सगळ्यांचाच. त्यात आपला बारीक माणूसही बुडायचा आणि डाव्या पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा पडायचा. कॉम्प्युटर नंतर कितीही गाळो, दांडगा माणूस आधीच घरात शिरलेला असतो. डॉक्टरांच्या रेडिओत अरुंद फिल्टर अगदी दाराशी होता. फणीतून एकच धागा यावा तसा तो एकच सिग्नल आत घ्यायचा. उजवा पडदा स्वच्छ.

"जुन्यात ह्या फिल्टरची जागा आहे, अण्णा," झाकण काढून मी म्हणाले. "रिकामीच ठेवलीय."

"धनू मागं लागला होता. मागवूया म्हणायचा." अण्णा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "मी म्हटलं, आधी कान तयार कर. आम्ही उघड्यावर ऐकलंय. फिल्टर म्हणजे आळशाचं काम."

"तसं नसतं."

"नसतं हे आता कळलं." मग माझ्याकडे वळून, "कुमुदबाई, एक विचारतो. समजा जुन्यावर बसलेल्या माणसाला बारीक सिग्नल आलाय. शेजारी जोराचा. तर त्याला दुसरा काय इलाज असतो?"

"कशाशिवाय?"

 रोटरच्या खोक्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पण एवढं मला कळलं की हे रेडिओ घेणाऱ्या माणसाचे प्रश्न नव्हते. बँड तोच, दिशा तीच, दुपार तीच. अण्णांना त्या दिवसाची पुन्हा तपासणी हवी होती, आणि तिच्यावर सही करायला माहीतगार कुणीतरी.

मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही. म्हटलं, चार वर्षांनी यंत्रावर ढकलायला निघालाय.

"एखादी हाक मारून बघू," मी म्हणाले आणि स्टेशनची हाक पाठवणारं बटण दाबलं. टिरटिर गेली. मग कान दिला. फिनलंडचा एकजण, अगदी बारीक. त्याच्या खांद्याला खांदा लावून एक इटालियन दणाणत होता. डावीकडे कचरा पडला. उजवीकडे नंबर आला, आणि नंबरापुढे अक्षरं आली.

थँक्स धनू.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ह्याला कसं माहीत?"

"प्रत्येकाच्या कॉम्प्युटरात यादी असते, अण्णा. कोणत्या स्टेशनवर कोण बसतं त्याची. स्टेशनचं चिन्ह टाइप केलं की नाव आपोआप जातं. त्या माणसाला कदाचित ठाऊकही नसेल त्यानं काय पाठवलं."

"म्हणजे तिकडं कुणी सांगितलंच नाही अजून."

"कोण सांगणार?"

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "आपणच सांगायचं."

मी म्हणाले, थांबवूया का. ते म्हणाले, नको, चालू द्या. मग दुपारभर धनू येत राहिला. पोलंडवरून आला, युक्रेनवरून आला. सगळेच नाव पाठवत नव्हते. काही नुसता नंबर देऊन जात आणि आम्ही दोघं श्वास सोडत होतो. मग पुन्हा एखादा. गुड टु सी यू धनू. व्हेअर हॅव यू बीन धनू. हे शेवटचं मात्र कुणीतरी हाताने टाइप केलेलं होतं, चुकत, एक अक्षर खोडून. त्याला काय उत्तर द्यावं मला कळेना. मी नुसता नंबर दिला. डाव्या पडद्यावर ह्यातलं काहीच नव्हतं. तिथे कचरा, मध्येच एखादा आकडा, पुन्हा कचरा. हवा एक, अँटेना एक. एका रेडिओत पोरगा होता आणि एकात नव्हता. अण्णा खुर्ची सरकवत सरकवत उजव्या पडद्यापुढे येऊन बसले होते.

ऊन कलायला लागलं तशी जिन्यावर पावलं वाजली. ह्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवण आटोपतं. आक्का ताटं घेऊन आल्या. त्यांच्या मागे पाण्याची कळशी घेऊन त्रिशला होती. उंबऱ्याशी ती थांबली, खोलीवरून नजर फिरवली आणि आत आली. मला बघवलं नाही. मी वायर गुंडाळायला लागले.

"खाऊन घ्या, कुमुदताई," आक्का म्हणाल्या. "त्यांनाबी सांगा."

अण्णा उठले. धोतर सारखं केलं आणि बायकोपुढे हात जोडले. "उत्तम क्षमा."

आक्कांनी ताट टेबलावर ठेवलं. "सांगा त्यांना, बस्तीत झालं सगळ्यांचं सकाळीच."

"आक्का," मी म्हणाले, "ते तुमच्यासमोर उभे आहेत."

"मला दिसतंय की. आंधळी न्हाई झालो अजून."

अण्णांनी हात खाली घेतले. रागावले नाहीत. मला म्हणाले, "यांना दाखवा. दोन्ही दाखवा. त्रिशला, तूपण बघ."

मी हाक पाठवली. स्वीडनचा एकजण आला, हाही बारीक, पुन्हा शेजारी तसाच दणदणाट. डावीकडे कचरा. उजवीकडे नंबर, आणि नाव.

आक्कांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. पण आमची तोंडं वाचता येत होती. "काय लिवलंय तिथं?"

मी अण्णांकडे बघितलं.

"त्रिशला, काय लिवलंय गं?"

"धनू," त्रिशला म्हणाली.

आक्का कोपऱ्यातल्या खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी पडद्याकडे हात केला, मग तो मांडीवर घेतला. "कोण हाक मारतंय त्याला?"

"लांबचे लोक आहेत, आक्का," मी म्हणाले. "त्यांना माहीत नाही."

"आणि ह्याच्यावर नाही आलं," अण्णा डाव्या पडद्यावर बोट ठेवून घाईने म्हणाले. पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं तसं. "यांना नीट सांगा, कुमुदबाई. त्या दिवशी हाच होता. फिल्टर नव्हता ह्यात. पोरगा मागत होता, मी घेऊ दिला नाही. म्हणून अडलं. अडलं की ऐकणाऱ्याचा हात तिकडं जातोच. त्याला इलाज नव्हता. दोष आहे तो फिल्टर न घेणाऱ्याचा. दुसऱ्या कुणाचा नाही. बरोबर ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणणार होते ते आता आठवत नाही. बहुतेक हो म्हणणार होते.

त्रिशलाने कळशी खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले. खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच जुन्या रेडिओवर वाकली. डाव्या हाताने गेनचं, म्हणजे सिग्नल ओढायच्या जोराचं बटण बरंच खाली घेतलं, रेडिओची भूक मारावी तसं. उजव्या हाताने दुसरं केसभर सरकवलं. सुई उडायची थांबली.

"ताई, पुन्हा मागा त्याच्याकडून."

मी 'पुन्हा पाठवा' सांगणारं बटण दाबलं. स्वीडनचा माणूस सज्जन असावा. त्याने सगळं पुन्हा पाठवलं.

डाव्या पडद्यावर दोन अक्षरं चुकीची पडली आणि मग ओळ सरळ झाली. नंबर. नाव. आता ते दोन्हीकडे होतं.

"ह्याच्यावरपण येतंय, अण्णा," ती म्हणाली. "गेन हातानं खाली घेतला की येतंय. हे मला तेव्हाही येत होतं."

"त्रिशला, तू खाली जा."

"तुम्ही फिल्टरचं कशाला काढता?"

"तू खाली जा म्हणतो ना. तुला ह्यातलं—"

"थांब गं." आक्का उठल्या होत्या. "हे काय म्हणतीस ते नीट सांग मला. म्हंजे फिरवायचं काय नडलंच नव्हतं?"

त्रिशलाने बटणावरची नजर काढली नाही.

"कुमुदताई, तुम्ही सांगा. तुमाला कळतंय ह्यातलं. नडलं नव्हतं?"

"दुसरा मार्ग होता, आक्का," मी म्हणाले. खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते दोन्ही पडद्यांवर लिहिलेलं होतं.

तेव्हा आक्का अण्णांकडे वळल्या. सरळ, तोंडावर. चार वर्षांत पहिल्यांदा.

"नडलं नव्हतं तर फिरवला कशाला तुम्ही?" आवाज चढलेला नव्हता. "लेकरू वर हाय, तुमच्या डोळ्यांदेखत चढलंय. मी बस्तीत होतो त्याच्यासाठी हात जोडून. आन तुम्ही हितं बसून... कशासाठी? त्या कोणच्या तरी मुलखातल्या माणसाच्या एका नंबरासाठी?"

अण्णांनी पुन्हा हात जोडले. आणि मला वाटतं त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. बाई बोलली होती.

"चुकलो," ते म्हणाले.

"चुकलो म्हणं."

"चुकलोच. माफी नाही मागत. तू बोललीस, पुष्कळ झालं. त्रिशला, कळशी घे आणि चल."

त्रिशलाने कळशीला हात लावला नाही. ती जुन्या रेडिओपुढेच उभी होती, एक हात अजून बटणावर. पडद्यावर कुणीतरी नवीन आमच्या स्टेशनला हाक मारत होतं; कुणी उत्तर देत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा मारत होता.

"ते कुठं चुकले, आक्का," ती म्हणाली. "ते टॉवरखाली शिडी धरून उभे होते. खोलीत मी एकटी होते. रोटर मी फिरवला."